जसे आहे, जेथे आहे

नोटिशीत लिहिलंय: जसे आहे, जेथे आहे, त्या तत्त्वावर.
अजमानच्या खाडीकडेचा टॉवर, मजला चौदावा, फ्लॅट सात.
हप्ते थकले, घर कोर्टाकडे गेलं,
कोर्टाकडून सरकारकडे.
अनामत फक्त पाच टक्के.
त्या ‘फक्त’खाली हेमांगीने पेन्सिलीने रेघ मारलीये.
दोनदा.

मी हिशेबात ग्रॅच्युइटी धरली, सोळा वर्षांची.
ती म्हणाली, ती नोकरी सुटल्यावर मिळते,
आणि नोकरी सुटली की व्हिसा सुटतो,
मग घर कशाला, वरून खाडी बघायला?
म्हणून ग्रॅच्युइटी खोडली.
उरल्या तिच्या बांगड्या
आणि देवरुखच्या पतपेढीतली ती ठेव
जिचं आमच्या घरातलं नाव ‘हात लावायचा नाही’.

सील तौफिक मुकादमने काढलं.
लिलावाच्या कचेरीत कारकून, मूळचा खेडचा.
“बगून घ्या नीट. मागाहून रडायचा नाय,” म्हणाला
आणि स्वतः लिफ्टपाशीच थांबला.
आत वीज नव्हती. बाहेर जुलै होता.
आत त्याहून जुना जुलै,
कोणी न उघडलेला.

भिंतीला ओल नाही. फरशी दोन ठिकाणी पोकळ वाजते.
नळ फिरवला: आधी खोकला,
मग चहाच्या रंगाचं घोटभर पाणी,
मग नुसता श्वास.
स्वयंपाकघराच्या खणात मेणबत्त्या
उष्म्याने वाकून एकमेकींना बिलगलेल्या.
फ्रिज नेलाय, त्याच्यामागच्या भिंतीवर चौकोन गोरा राहिलाय,
आणि चौकोनाशेजारी चिकटपट्टीने लावलेलं
शाळेच्या बसचं वेळापत्रक.
सहा दहा.
खाली कोणीतरी पेनाने: सहा पाचला खाली!!

हेमांगीने टेप काढली.
“सव्वातीन मीटर. आपलं कपाट बसतं.”
ती मोठ्याने बोलली, पण
झोपलेल्या माणसाच्या खोलीत बोलावं तशी.

तेवढ्यात दार वाजलं.
पाणीवाला. खांदा एका बाजूला कायमचा उतरलेला.
“रेजीभाई आहेत?”
नाहीत.
मुकादमच्या फायलीत रेजी नव्हता, फक्त आकडा होता,
तिरकी रेघ आणि साल.
पाणीवाल्याकडे गुलाबी पावतीपुस्तक:
रेजी, १४०७, दोन कॅन, अनामत वीस दिरहम.
आठ महिने तो दर गुरुवारी दार वाजवून जातोय.
रिकाम्या कॅन मिळाल्याशिवाय पैसे परत करता येत नाहीत,
आणि पैसे परत केल्याशिवाय
पान बंद होत नाही.

बाल्कनीत होत्या दोन्ही, धूळ खात, तोंडं खाली.
मी दिल्या.
त्याने मळक्या दोन नोटा मोजून माझ्या हातावर ठेवल्या,
सही घेतली,
आणि एवढं ओझं उतरल्यासारखा जिन्याकडे गेला
की लिफ्ट चालू आहे हे सांगायचं राहिलं.

रेजीला कोणी काही परत करायला आलेलं
बहुधा हे एवढंच.

त्या नोटांचं काय करायचं ते सुचेना.
खिशात ठेवणं बरं दिसेना.
मुकादम हात झटकून म्हणाला, “माझ्या यादीत नाय ती वस्तू.”
शेवटी हेमांगीने त्या मेणबत्त्यांच्या खणात ठेवल्या,
खण लावला,
आणि मुकादमने दाराला नवं सील ठोकलं.

बोली बुधवारी आहे.
रात्री जेवताना तिने विचारलं,
“ते वीस दिरहम आता लिलावात धरायचे का?”
म्हटलं, जसे आहे, जेथे आहे.
ती हसली नाही.
नोटीस पुढे ओढून
पेन्सिल उलटी धरली
आणि ‘फक्त’खालची एक रेघ रबराने पुसली.
एक राहू दिली.